मुंढ्याचं माप

तिचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. लहानपणापासून ती दिवसातून इतक्यांदा ‘शी!’ म्हणायची, की आधी भावंडांनी, मग शाळेतल्या मुलींनी आणि लग्नानंतर खुद्द नवऱ्यानेही तिला शीबाई करून टाकलं. दुसऱ्याचा उष्टा पेला नुसता पाहूनही तिच्या पोटात ढवळायचं. बसमध्ये वरचा दांडा धरायची वेळ आली तर ती रुमालातून धरायची आणि घरी येऊन तो रुमाल उकळायची. नवरा मालाच्या ट्रकवर होता. बऱ्याच दिवसांनी घरी आला की उंबऱ्यावरूनच त्याची रवानगी न्हाणीघरात. "मी घरी आलोय की दवाखान्यात?" असं तो साबणाच्या फेसातून ओरडायचा, आणि ती बाहेरून म्हणायची, "कानामागे घासा आधी, मग बोला."

शिवणकाम तिला येत होतं, पण सरळ. पडदे, उशांचे अभ्रे, टेबलावरची कापडं. कापडाला चार कोपरे असले की तिला बरं वाटायचं. चार कोपऱ्यांना घाम येत नाही. स्टेशनाजवळच्या एका लॉजचं सगळं शिवण तिच्याकडे असे आणि त्यावर घर नीट चालत होतं. मग लॉजच्या मालकाने तयार पडदे आणायला सुरुवात केली, आणि त्याच सुमाराला नवऱ्याची पाठ धरली. ट्रक सुटला. तो दिवसभर पाटावर ताठ बसून भिंतीकडे बघायला लागला. तेव्हा शीबाईला मावशीची आठवण झाली. खरं सांगायचं तर आठवण नवऱ्यालाच झाली. शीबाई जमेल तितकी ती विसरूनच राहिली होती.

मावशी म्हणजे नवऱ्याची सख्खी मावशी, हिची मावससासू. बाजाराच्या मागच्या अंगाला तिचं शिवणाचं दुकान होतं. पुढची खोली दुकान, मागच्या दोन खोल्यांत मुलगा आणि सून. मावशी सदरे, झगे आणि कोट शिवायची. धड, म्हणजे अंगाचा भाग, मशीनवर, पण बाह्या मात्र हाताने लावायची, एकेक टाका. तिच्या बाहीत हात घातला की बाही आहे हे विसरायला होतं, असं लोक म्हणत आणि लांबून लांबून येत. पण आता तिच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. सुईत दोरा जायचा तर तिला भिंतीला कोपर टेकावं लागे. मुलाचं म्हणणं, बस झालं, खोली गोदामाला देऊन टाकू.

"बाही शीक," मावशीने पहिल्याच दिवशी शीबाईला सांगितलं. "माझा हात थांबायच्या आत शिकलीस तर दुकान तू चालव. नाही शिकलीस तर हा माझा मुलगा इथे पोती रचणारच आहे."

हे बोलताना मावशीच्या तोंडात टाचण्या होत्या. ओठांच्या एका कोपऱ्यात ओळीने धरलेल्या. बोलून झाल्यावर तिने त्यातली एक काढली आणि शीबाईच्या हातात दिली. टाचणी ओली होती.

शीबाईने ती धरली. दुसरं करणार काय? पण तिच्या चेहऱ्यावर जे व्हायचं ते झालंच.

"काय गं, चावली का?" मावशी म्हणाली.

त्या दुकानात शीबाईला ओकारी यावी असं काय नव्हतं हे सांगणं सोपं. मावशी दोरा तोडायची तो दातांनी. सुईत ओवायचा तर त्याचं टोक आधी जिभेवर फिरवायची, मग ओठांत दाबायची, आणि तोच दोरा गिऱ्हाइकाच्या गळ्याशी शिवला जायचा. इस्त्री तापली का हे बघायला बोट थुंकीत बुडवून तिच्या बुडाला लावायची, चुर्र झालं की म्हणायची, "झाली." खडूचा तुकडा ठेवायची केसांत. चहाच्या कपात सुताचा बोळा तरंगत असला तर तो बोटाने बाजूला करून चहा प्यायची. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे कोपऱ्यातला ढीग. दुरुस्तीला आलेले जुने कोट, सदरे, त्यांच्या काखा फाटलेल्या, पिवळ्या पडलेल्या, घामाने वाळून कडक झालेल्या. पावसाळी हवेत त्या ढिगाला आंबूस वास सुटायचा. मावशीला तो येतच नसे. शीबाईला तो घरी जेवताना घासात यायचा.

आणि शिकायचं होतं त्याच ढिगातून.

"उसव," मावशी म्हणायची. "दुसऱ्याने लावलेली बाही उसवल्याशिवाय आपल्याला लावता येत नाही."

बाही जिथे धडाला जोडली जाते त्या भोकाला मुंढा म्हणतात. शीबाईला आधी वाटायचं, भोक गोल, बाही गोल, लावली की झालं. पण बाहीचा माथा, म्हणजे खांद्याकडचा वरचा भाग, मुंढ्यापेक्षा मोठा कापावा लागतो, आणि ते जास्तीचं कापड एकही चुणी न दिसता आत जिरवावं लागतं. खांद्यावर जास्त, खाली अगदी नाही. पुढून मुंढा खोल, मागून उथळ. धावदोरा घालून तो हलकेच ओढायचा आणि बोटाच्या पेराने कापड समजावत न्यायचं. मावशीचा कंप सुटलेला हात तिथे आला की जादू झाल्यासारखा शांत व्हायचा. शीबाईच्या पहिल्या बाह्या फुगल्या, दुसऱ्या लटकल्या, आणि एकदा तर एकाच सदऱ्याला दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या लागल्या.

"छान," मावशी म्हणाली. "आता दोन उजव्या हातांचं गिऱ्हाईक शोधून आण."

पण शीबाई हुशार होती, आणि हट्टी. नाकाला कापूर लावलेला रुमाल बांधून ती दिवसभर काखा उसवायची आणि घरी गेल्यावर नखं घासून घासून बोटं लाल करायची. हळूहळू तिच्या बाहीचा माथा बसायला लागला. चुण्या जिरायला लागल्या. मावशीने एकदा तिची बाही उजेडात धरून पाहिली आणि न उसवता बाजूला ठेवली. शीबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुढचंही येईल असं तिला वाटायला लागलं.

पुढचं म्हणजे माप. छाती, कंबर, लांबी मावशी टेपने घ्यायची. मुंढा मात्र हाताने. गिऱ्हाइकाचा सदरा काढायला लावायची, आतल्या बनियनवर उभं करायची, आणि आपला उघडा तळवा सरळ त्याच्या काखेत घालायची. बोटं मिटलेली, अंगठा पुढून खांद्यावर. मग म्हणायची, "फळीवरचा डबा काढा. आता खाली वाका. आता पाठ खाजवा." माणूस हवेत डबा काढायचा, आणि मावशी डोळे मिटून उभी. मग हात बाहेर काढून तसाच कापडावर ठेवायची आणि खडूने बोटांभोवती रेघ मारायची.

शीबाईने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गिऱ्हाईक होता भट्टीवाला. पहाटेपासून भट्टीपुढे उभं राहून पाव भाजणारा माणूस. त्याच्या काखेत पीठ आणि घाम यांचं काय झालं होतं हे लिहवत नाही. मावशीचा हात बाहेर आला तो चिकट, पांढरा. तिने तो परकराला पुसला आणि खडू उचलला.

"आता तू," मावशी म्हणाली.

"मी टेपने घेते ना, मावशी."

"टेपला काय कळतं? टेप हाडाभोवती फिरते. तिथे खड्डा किती खोल आहे, मांस कुठे सरकतं, हे हाताला कळतं. घाल हात."

"नंतर घालते."

भट्टीवाला हात वर करून उभा होता, बिचारा. "बाई," तो म्हणाला, "चावत नाही मी."

शीबाई दाराबाहेर गेली ती परत आलीच नाही. नळाखाली हात धरून उभी राहिली, हात कशालाही लागले नव्हते तरी. संध्याकाळी देवापुढे बसल्यावर तिने विचारलंसुद्धा, की देवा, माणूस घडवताना एवढा हात फिरवलास, मग काख तेवढी अशी का सोडलीस? तेवढ्यात तिला एक युक्ती सुचली, आणि ती देवानेच दिली असं तिने धरून घेतलं.

पुढच्या गिऱ्हाइकापासून ती हात घालायला लागली. मावशी खूश झाली. मावशीची नजर आता अधू होती, तिला दिसलं नाही की शीबाईच्या तळव्यात घडी घातलेला रुमाल असतो. हात आत, रुमालासकट. डबा काढा, पाठ खाजवा, हात बाहेर, रुमाल मुठीत. शिवाय कापताना ती मुंढा आणखी बोटभर खाली न्यायची. मनात म्हणायची, कापड काखेपासून जितकं लांब तितकं बरं. हवा खेळेल, घाम लागणार नाही, बाही स्वच्छ राहील. गिऱ्हाइकावर उपकारच.

असा तिने अथपासून इतिपर्यंत स्वतः शिवलेला पहिला कोट बँडमास्तरचा. बँडमास्तर म्हणजे चौकात पुतळ्यासारखा उभा राहणारा, पोट पुढे, मिशा वर वळवलेल्या. नव्या पुलाचं उद्घाटन होतं आणि त्याला नवा कोट हवा होता. शीबाईने लाल कापडावर काळी पट्टी लावली, माथा असा बसवला की पाण्याच्या थेंबासारखा गोल. आरशासमोर तो हात खाली सोडून उभा राहिला तेव्हा मावशीसुद्धा म्हणाली, "बरा दिसतोय."

हात वर करून बघा, असं कुणीच म्हणालं नाही. एरवी मावशी ते रोज म्हणायची, पण त्या दिवशी तिला चक्कर येत होती, ती बसली होती.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी बँडमास्तर दुकानात शिरला तो कोट घालूनच. दारात उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले. बाह्यांबरोबर सगळा कोट वर गेला. खालून सदरा सुटला, सदऱ्याखालून बनियन, आणि बनियनखालून त्याचं गोल, केसाळ, घामट पोट बाहेर आलं आणि शीबाईच्या नाकापुढे थरथरत राहिलं.

"बघा!" तो ओरडला. "नीट बघा! काल अख्ख्या गावाने बघितलं. मी काठी वर नेली की हे बाहेर, काठी खाली आणली की हे आत. पोरं वाद्यं सोडून ह्याच्यावर ताल धरत होती!"

"शी!" शीबाईच्या तोंडून निघून गेलं.

"शी कुणाला म्हणता? मला?"

मावशी उठली. हात पसरून चाचपडत तिने बँडमास्तरच्या कोटाचा मुंढा धरला, आत बोटं घातली, आणि तिचा चेहरा असा झाला की जणू तिलाच कसला वास आला.

"एवढा खाली?" ती म्हणाली. "हा मुंढा आहे की खिडकी? अगं, मुंढा काखेला चिकटून हवा. लांब ठेवलास की हात उचलताना बाही धडाला ओढते. जवळ असला तर हात एकटा वर जातो, कोट जागेवर राहतो. इतक्या दिवसांत एवढं कळलं नाही?" मग ती थांबली. "हात दाखव."

शीबाईने हात पुढे केला.

"तो नाही. मूठ केलेला."

मूठ उघडली. आत घडीचा रुमाल होता.

मावशीने तो दोन बोटांत धरून नाकाशी नेला. कापराचा वास. बँडमास्तरने हात खाली केले आणि पोट आत घेतलं. "माझ्या घरात माणसांना हातमोजे घालून धरतेस," मावशी शेवटी म्हणाली. "मला वाटलं शिकलीस. अजून एक बाही. ती बसली नाही तर घरी जा आणि पडदे शिव."

पण ती एक बाही कुणाची, हे ठरायच्या आत मावशीच पडली. सकाळी इस्त्रीच्या टेबलाजवळ उभी होती, आणि उजवी बाजू कुणी दोरी कापावी तशी सुटली. दवाखान्यातून घरी आली ती पाठीवर. उजवा हात अंगाला चिकटलेला, बोटं आत वळलेली. तोंड एका बाजूला ओघळलेलं. बोलायची, पण शब्दाला काठ नव्हते. मुलाने शीबाईला निरोप दिला की दुकान आवरून घ्या, महिनाअखेर पोती येतील.

शीबाई आवरायला गेली. मागच्या खोलीच्या दारात मुलगा उभा होता, नाकाला रुमाल लावून.

"माझ्याच्याने आत बघवत नाही," तो म्हणाला. "वास येतो. तुम्हाला तर कळेल."

शीबाईला फार किळस आली. कशाची ते तिने मनाशी स्पष्ट केलं नाही. त्या रुमालाची घडी मात्र तिने पाहिली, चौकोनी, इस्त्री केलेली, आणि आईला न शिवता उभा राहिलेला तो बाप्या.

सून फरशी पुसत होती. तशी ती वाईट नव्हती. करायचं ते सगळं तीच करत होती, फक्त तोंड फिरवून. "हात आत जात नाही बाहीत, जाऊबाई," ती म्हणाली. "दुखतं म्हणून ओरडतात. मग मी सगळ्या झग्यांच्या बाह्या कापून टाकल्या."

पलंगावर मावशी त्या झग्यात पडली होती. मुंढ्याची कड दातेरी, सुतं लोंबत असलेली, आतला पांढरा, सुरकुतलेला दंड उघडा. जिने आयुष्यभर गावाला बाह्या लावल्या ती बाईच बिनबाहीची. मावशीने डावा हात उघड्या दंडावर झाकायला आणला आणि तो घसरला.

शीबाईने खाली बघितलं. सुनेच्या हातातलं फडकं ओळखीचं होतं. काळ्या पाण्याच्या बादलीत तसंच दुसरं बुडालेलं. निळ्या कापडाची बाही. माथ्यावर मावशीचे टाके, इतके बारीक की मोजायचे तर टाचणीच्या टोकाने मोजावेत. शीबाईने बाही बादलीतून बाहेर काढली. काढल्यावर तिला कळलं की आपण बादलीत कोपरापर्यंत हात घातला होता.

"शी, जाऊबाई," ती म्हणाली. "ह्यांनी फरशी पुसतात का?"

"मग कशाने पुसू?" सून खरंच विचारत होती.

पलंगावरून आवाज आला. शीबाई वाकली. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती, आणि मावशी काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिसऱ्यांदा कळलं.

"एक राहिलीय. माझी."

"काय राहिलं, मावशी?"

"बाही."

दारातला मुलगा म्हणाला, "आई, आता कशाला? आता कुठे जायचंय तुला?"

मावशीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डावा हात उचलून तिने शीबाईच्या रिकाम्या तळव्यावर बोट टेकवलं, आणि मग उजव्या, मिटलेल्या काखेकडे दाखवलं. काय करायचं ते लख्ख होतं.

तो हात कित्येक दिवसांत उघडला नव्हता. सून अंग पुसायची ते बाहेरबाहेरून. शीबाईने मनगट धरून तो हलकेच अंगापासून दूर केला आणि आतून जो वास आला तो ढिगाचा नव्हता, भट्टीवाल्याचा नव्हता. आंबलेल्या दुधाचा आणि बंद डब्याचा असा काहीतरी वास होता. कातडी लाल, ओली, घड्यांमध्ये पांढरं साचलेलं. शीबाई हात सोडून धावली, मागच्या गटारापाशी उकिडवी बसली, आणि सकाळचं सगळं बाहेर टाकलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. देवाचं नाव घ्यावं इतकाही श्वास नव्हता, तरी तिने घेतलं. भिंतीपलीकडे सून मुलाला सांगत होती, "बघा, त्यांनाही जमेना."

चूळ भरून शीबाई आत आली. रुमाल तिच्या कमरेला होता. तो तिने काढला, कोमट पाण्यात भिजवला आणि मावशीची काख पुसली. एकदा, मग पाणी बदलून परत, मग साबणाने, मग कोरडी. मावशी कण्हत होती, पण हात मागे घेत नव्हती. घेताही येत नव्हता म्हणा. पुसताना शीबाई चार वेळा तरी "शी" म्हणाली, आणि मावशीच्या तोंडाचा जो कोपरा चालत होता तो प्रत्येक वेळी वर गेला.

मग शीबाईने उघडा तळवा आत घातला.

ऊब होती. एवढी ऊब असेल असं तिला वाटलं नव्हतं. हाड कुठे आहे ते कळलं, आणि खड्डा तिच्या अंदाजापेक्षा किती वर आहे तेही. दुसऱ्या हाताने तिने मावशीचं मनगट वर नेलं, तिच्या वतीने फळीवरचा डबा काढला. तळव्याखाली मांस सरकलं, पुढे नाही, मागे. अरे देवा, मागे! आजवर कापलेले सगळे मुंढे तिच्या डोळ्यांपुढून गेले.

"तीन बोटं," मावशी काठ नसलेल्या शब्दांत म्हणाली.

"अडीच," शीबाई म्हणाली. "तुमचं मांस गेलंय, मावशी."

शीबाईने हात तसाच नेऊन कापडावर ठेवला.

कापड मऊ सुती घेतलं. पुढून पूर्ण उघडा झगा, म्हणजे पडका हात आधी निजल्या जागी आत सरकवता येईल. बाही खाली सैल, वर मुंढ्यात घट्ट. माथ्यासाठी तिने बादलीतली निळी बाही धुवून, वाळवून समोर ठेवली आणि मावशीने कुठे किती जिरवलंय ते बोटाने वाचत गेली. धावदोरा घातला, ओढला, उसवला, परत घातला. उजेड कमी पडला तेव्हा दारात जाऊन बसली. मध्येच दोरा सुटला, सुई हातात, कात्री टेबलावर लांब. तिने दोरा दातांनी तोडला, टोक जिभेवर फिरवलं आणि सुईत ओवलं. मग तिच्या लक्षात आलं. ती तशीच सुई हातात धरून बसली. तोंडात सुताची चव होती, थोडी धुळीची. वाईटच होती. तिने पुढचा टाका घातला.

झगा घालताना सून मदतीला आली, आणि दारातल्या मुलालाही शीबाईने आत ओढलं. "पाठ धरा आईची. रुमाल खिशात ठेवा, दोन्ही हात लागतात." त्याने धरली. पडका हात आधी, मग धड, मग डावा. मावशी ओरडली नाही. शीबाईने उजव्या हाताचं मनगट धरलं आणि हात सावकाश वर नेला, आणखी वर, मावशीच्या डोक्याच्याही वर. मावशी आपल्या हाताकडे बघतच नव्हती. ती बघत होती कमरेकडे, झग्याच्या पट्टीकडे.

पट्टी हलली नाही.

"परत," मावशी म्हणाली.

परत नेला. नाही हलली.

मावशी बराच वेळ खांद्यावरून डावं बोट फिरवत राहिली. "मागे चुणी आहे," ती म्हणाली.

"कुठे? नाहीये!"

"आहे एक." मग मुलाकडे वळून, एकेक शब्द ढकलत, "किल्ली तिला दे."

मुलगा काहीतरी बोलणार होता, गोदामाचं, शब्द दिल्याचं. पण त्याचे दोन्ही हात आईच्या पाठीखाली अडकले होते आणि शर्टाच्या बाहीवर तिची लाळ लागली होती. तो नुसता बघत राहिला त्या डागाकडे. "खिशात आहे," तो म्हणाला. "डाव्या. काढून घ्या."

शीबाईने दुसऱ्याच्या खिशात हात घालून किल्ली काढली. खिशात सुपारीचे कण होते. शी.

दुकान उघडल्यावर पहिला आला तो बँडमास्तर, लाल कोट काखेत घेऊन. कोट टेबलावर टाकून म्हणाला, "मावशींचा निरोप आला म्हणून आलोय, नाहीतर आलो नसतो. ह्याचं काय करता?"

"मुंढा वर घेते. आतून तुकडा जोडून. सदरा काढा."

तो बनियनवर उभा राहिला आणि अनुभवाने शहाणा होऊन स्वतःच हात वर केले. उन्हातून चालत आला होता. शीबाईच्या नाकापर्यंत जे यायचं ते आलं. ती मागे गेली, नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, घासून, जसे ती नेहमी धुवायची. पुसले, पण नळाचं पाणी बर्फासारखं होतं. परत येऊन तिने श्वास धरला आणि उघडा तळवा त्याच्या काखेत घातला.

बँडमास्तर जागच्या जागी उडाला.

"शी!" तो किंचाळला. "हात आहेत की काय हे तुमचे! बेडूक घातलात का?"

मागच्या खोलीतून घोगरं, एका बाजूचं हसू ऐकू आलं. शीबाईने हात काढला नाही.

"डबा काढा," ती म्हणाली. "फळीवरचा. आणि घाम पुसून येत जा."